जबड्यांच्या खोलीतलं दूध

माझ्या तोंडातली कवळी माझ्या सुनेनं केलेली आहे. हे आधी सांगून टाकतो. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिचं काम सांगायलाच हवं, आणि सुरुवात कुठून करायची हे मला तसंही नीट कळत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. ती त्यांवर मेणाच्या हिरड्या उभ्या करते, एकेक दात लावते, मग कवळी भाजून, घासून, चमकवून पाठवते. घरी कुणी हसलं की ती आधी त्याचे दात बघते, मग माणूस.

तिला मुलगी झाली. आम्ही तिला चिमी म्हणतो. चिमीची तोंडातली टाळू जन्मापासूनच मधोमध उघडी होती. बाहेरून काही दिसायचं नाही, ओठ तर कोरून काढल्यासारखे. पण आत तोंड आणि नाक यांच्यामध्ये भिंतच नव्हती, त्यामुळे तिला दूध ओढता येईना. आईच्या कुशीत शिरायची, जीव काढून चोखायची, घामाघूम व्हायची आणि उपाशीच झोपायची.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "नळीला भोक असलं की सरबत वर चढत नाही, तसं आहे हे. बाळाची चूक नाही, तुमचीही नाही. वर्षाच्या आसपास टाळू शिवू. तोवर वजन वाढायला हवं. दाबून पाजायची बाटली मिळते, तिनं पाजा."

"कसलं दूध?" सुनेनं विचारलं.

"डब्यातलं चालेल. तुमचं काढून पाजता आलं तर फारच छान. पण बाळ स्वतः ओढत नसलं की दूध टिकवणं जड जातं. पुष्कळ जणी सोडून देतात, त्यात वाईट काही नाही."

सून गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मला ओळखीचं आहे. बसत नाही म्हणून एखादी कवळी परत आली की ती अशीच गप्प होते, आणि ती बसेपर्यंत जागची हलत नाही.

दूध काढायचं यंत्र घरी आलं. दोन फनेल, दोन बाटल्या, नळ्या आणि डब्याएवढी मोटार. मोटार सुरू झाली की मी चपला घालून जिन्यात जाऊन बसायचो. कुणी जा म्हटलं नव्हतं, मलाच अवघड वाटायचं. सुनेला ते कळलं असावं. एकदा ती आतून म्हणाली, "बाबा, जिन्यात गार लागतं. स्वयंपाकघरात बसा की, दार लावते मी." पण मला जिनाच बरा वाटला. दिवसातून किती वेळा तरी ती मोटार घुरघुरायची, आणि मग ओट्यावर सगळे भाग धुवायला पडायचे. ते काम मी मागून घेतलं. त्यात एक पांढरी, नखाएवढी, मऊ झडप असते. ती जपून धुवावी लागते, फाटली तर यंत्र नुसतीच हवा ओढतं. घरात मला जमण्यासारखं तेवढंच होतं.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. बाटली रिकामी राहिली की तो म्हणायचा, "अगं, लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकलीय. वरच्यांना सांग, दार नीट लावा." ती टॉवेल फेकून मारायची. पण हसायची, आणि मग थोडं दूध यायचं.

चिमीला पाजणं हे दोघांचं काम होतं. एकानं तिला बसतं धरून बाटली हळूहळू दाबायची, आणि दुसऱ्यानं नाकाशी फडकं धरायचं, कारण थोडं दूध नाकातून बाहेर यायचंच. ते फडकं बहुतेक वेळा आमच्या हिच्या हातात असायचं.

ही म्हणजे माझी बायको. हिचा एक स्वभाव आहे. घरात आलेलं दूध तापवल्याशिवाय ती कुणाच्या तोंडाला लागू देत नाही, आणि कपडा धुतल्याशिवाय कुणाच्या अंगाला लागू देत नाही, मग तो दुकानातून आणलेला कोरा टॉवेल का असेना.

सुनेची रजा संपली. कामावर जायच्या पहिल्या सकाळी तिनं भरलेल्या दोन बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि हिला सांगितलं, "आई, पाजायच्या आधी बाटली गरम पाण्यात उभी करायची. कोमट झाली की पुरे."

"कळलं गं. मी काय पहिल्यांदा पोर सांभाळतेय?"

दुपारी हिनं फ्रीज उघडला. वर जाड साय आणि खाली पाणचट, निळसर थर. काढलेलं दूध ठेवलं की असंच दिसतं, पण हे आम्हाला कुठं ठाऊक? ही म्हणाली, "अहो, हे फाटायला लागलंय." सुनेनं कोमट करायला सांगितलं होतं, ते पाजायच्या वेळचं. तापवायचं ते निराळं, ते काय सांगावं लागतं, असा हिचा हिशोब. हिनं दोन्ही बाटल्या छोट्या पातेल्यात रिकाम्या केल्या आणि पातेलं गॅसवर ठेवलं. तेवढ्यात चिमी रडली. ही तिच्याकडे धावली, मी यंत्राची जादाची झडप धूत होतो, माझी गॅसकडे पाठ. गोडसर, करपट वास आला तेव्हा पातेल्यात तपकिरी पापुद्रा उरला होता.

चिमीला डब्यातलं दूध पाजलं. ती प्यायली, तिला काही फरक पडला नाही. पण ही संध्याकाळपर्यंत ते पातेलं समोर घेऊन बसून होती. घासून ठेवू का म्हटलं, तर नको म्हणाली. "लपवायचं कशाला?"

सून आली. यंत्राची पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकली. पिशवीतली बाटली तळापुरतीच ओली होती.

"आज आलंच नाही, आई. यंत्र लावायला कोठीत बसवलं मला. तिथं चारी भिंतींना प्लास्टरचे जबडे लावून ठेवलेत. सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर कुणी खोकलं तरी मी दचकत होते." मग म्हणाली, "सकाळच्या बाटल्या पुरल्या ना?"

हिनं पातेलं पुढं केलं. "मी तापवलं गं."

"काय तापवलं?"

"तुझं दूध."

सून पातेल्याकडे बघत राहिली. "आई, मी काय डेअरीची पिशवी आहे का? माझं दूध तापवता?"

"चुकलं माझं. साय आली होती, मला वाटलं..."

"तिथं येत नाही आणि इथं जळतं!" तिला रडू फुटलं. "संपतंय माझं, आई. मला कळतंय ना. देते सोडून. डबा तर डबा."

मी चपला शोधायला लागलो. हिनं मात्र ना समजावलं, ना गयावया केली. पाळण्यातून चिमीला उचललं आणि सुनेसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"सोडायचं तर उद्या सोड. आज लाव ते यंत्र. हिच्याकडे बघत लाव."

मी जिन्यात गेलो. दार नीट लागलं नव्हतं. मोटार सुरू झाली. नुसती कोरडी खरखर. बराच वेळ तीच. मधून हिचं बोलणं ऐकू यायचं. "बघ, टाच बघ हिची, थेट तुझ्या नवऱ्याची. पायमोजे महिनाभर टिकायचे नाहीत. घे, डोकं हुंग तिचं. जवळ घे की! काय चावणार आहे? दात आहेत का तिला?"

सून हसली. रडत होती ती हसली, आणि जरा वेळानं यंत्राचा आवाज बदलला. कोरडी खरखर जाऊन चुळुक, चुळुक असं ओलं काही ऐकू यायला लागलं. मी जिन्यात एकटाच होतो, तरी तोंड दुसरीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही मोरीत उभी होती. हातात चिमीचं रात्रीचं झबलं, गळ्याशी दूध सांडून आंबट झालेलं. नळ चालू. तिनं झबलं पाण्याखाली नेलं, मागे घेतलं, आणि नळ बंद केला. झबल्याची घडी करून ती सुनेच्या पिशवीत ठेवली.

"अगं, न धुताच?" मी विचारलं.

"धुतलं तर वास जाईल," ती म्हणाली. "तिथं लेकरू नाही, निदान वास तरी असू दे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिनं मळका कपडा कुणाला दिलेला मी प्रथमच पाहिला.

पुढे एकदा सून काढलेलं दूध गार ठेवायची बर्फाची थैली घरी विसरली, ती द्यायला मी तिच्या कामाच्या ठिकाणी गेलो. मालक माझ्याच वयाचे, हाताला प्लास्टरची पांढरी पूड. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. सून आतल्या टेबलावर दात लावत होती. उस्तादांनी मला बाजूला घेऊन कोठी दाखवली. आत एक खुर्ची, खुर्चीच्या हातावर चिमीचं झबलं. आणि फळ्यांवरचे सगळेच्या सगळे जबडे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले.

"मीच फिरवले," उस्ताद खालच्या आवाजात म्हणाले. "पोरीला संकोच वाटायचा. आता मात्र हसते. म्हणते, उस्ताद, एवढे जबडे पोसता, एकाला तरी दूध ओढता येतं का?"

त्यांच्याही तोंडात कवळी होती. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून हसलो.

दूध कधी वाढलं, कधी आटलं. सर्दी झाली की आटायचं, काळजीनं आटायचं. उद्या सोडते असं ती पुष्कळदा म्हणाली. आमची ही दर वेळी म्हणायची, "सोड की, उद्या सोड," आणि न धुतलेलं झबलं पिशवीत ठेवायची. चिमीचं वजन भरत गेलं. अखेर डॉक्टरीणबाईंनी दिवस ठरवला आणि टाळू शिवली.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस बाटली द्यायची नव्हती. पहिल्यांदा दूध पाजलं ते वाटीच्या कडेनं, थेंब थेंब. सून पलंगावर बसली होती, चिमी तिच्या मांडीवर. वाटीत तिचंच दूध, दवाखान्यातल्याच शेजारच्या खोलीत तासाभरापूर्वी काढलेलं. ही सवयीनं फडकं घेऊन नाकाशी तयार. मुलगा वाकून बघत. मी भिंतीशी.

चिमीनं एक घोट घेतला. आम्ही सगळे तिच्या नाकाकडे बघत होतो. दुसरा घोट. तिसरा. तिला आमचं काय चाललंय ते कळेना, ती एकेकाकडे बघत राहिली आणि पीत राहिली.

"नाही आलं," सून म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, "आई, नाही आलं नाकातून."

वाटी संपली. हिनं फडकं उलटून पाहिलं, पालटून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. अगदी कोरडं होतं.

आणि मग उठून ते धुवायला घेऊन गेली.