चाचांचा पाय

तिकडं आखातात, नजम्यातल्या आम्हा कामगारांच्या खोलीत कुणाच्या कमरेत उसण भरली की चाचांना हाक जायची. चाचा रत्नागिरीकडचे, प्लास्टरचं काम करणारे, आणि पायाळू. पायांकडून जन्मलेल्या माणसानं पाय लावला की उसण उतरते, हे आमच्या साताऱ्याकडंही मानतात. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. मी पाण्याचा टँकर चालवायचो. कंबर महिनाभर ठणकत होती आणि मला धीर असा नाहीच.

"हलकाच लावतो," चाचा म्हणाले.

"हलका कशाला? चांगला हाणा."

सकाळी उजवा पाय लुळा. अंगठा वर होईना.

हॉस्पिटलात पाठीत सुई घालून रंग सोडला, एक्स-रे काढले. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबत होती. ऑपरेशन ठरलं. खोलीतले म्हणाले, मणक्याला चाकू लागला की माणूस उठत नाही. पण लंगड्याच्या हातात टँकर कोण देणार? मी सही ठोकली.

नंतर नुसतं उताणं पडायचं. कूस बदलायची तर दोघी नर्स मला ओंडक्यासारखं लोटायच्या. जेवायलाही कधी एका जागी न बसणारा मी, छताकडं बघून वेडा व्हायचो आणि येईल त्याच्यावर खेकसायचो. चाचा रोज यायचे आणि दारातच थांबायचे.

"माज्या पायानं तुजा पाय गेला," एवढंच म्हणायचे.

डॉक्टर आपल्याकडचेच होते. त्यांनी चाचांना समजावलं, "चकती आधीच फाटत आली होती. अहो, पूर्वी आमचे सर्जनच तिला गाठ समजून काढायचे. चुकत चुकतच शिकलो आम्ही." चाचांनी मान हलवली, पण आत काही आले नाहीत.

शेवटी मी भडकलो. "मला मान उचलायला बंदी आहे. अंगठा हलतो का ते कोण बघणार? या इकडं!"

ते आले. त्यांनी माझा घोटा धरला. मी सगळा जोर लावला. मला काहीच कळेना.

"हलला रं!"

"उगाच समजूत काढू नका."

"अल्लाची शपथ, हलला!" ते रडत होते. मग मलाही आवरेना.

पुढं चालायला लागलो, टँकरवरही बसलो. अंगठा मात्र आजही बधिर आहे.

काही वर्षांनी खोलीत नवा आलेला एकजण कंबर धरून कण्हत होता. त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं.

"चाचा, तुम्ही पायाळू ना?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही पाय चादरीत ओढून घेतले.

"नाय रं," म्हणाले, "मी डोक्याकडनंच जन्मलो."