कालहस्तीहून थेट घरी

मुनिरत्नम अण्णा कालहस्तीच्या देवळात कधी जात नसत.

तिरुपतीहून सकाळी त्यांची व्हॅन निघायची. डोंगरावरच्या व्यंकटेश्वराचं दर्शन आटोपलेले यात्रेकरू मागे, अण्णा चाकावर आणि शेजारी मी. वाटेतल्या देवळांच्या गोष्टी सांगायचं काम माझं. तेलुगूत एम.ए. करून मला तेवढंच मिळालं होतं. अण्णा मला नावाने हाक मारत नसत. 'एमे' म्हणत.

अप्पलायगुंटा, नारायणवनम, नागलापुरम, सुरुटपल्ली. कालहस्ती नेहमी शेवटी. कारण एकदा तिथे पूजा केली, नुसते हात जोडले तरी, दुसऱ्या देवाच्या दारात जायचं नाही. ओळखीच्याकडे पाणी प्यायलाही थांबायचं नाही. तिथे उतरवलेली राहू-केतूची पीडा दुसऱ्याच्या घरात सांडते म्हणतात. थेट आपल्या घरी जायचं. यात्रेकरूंना आम्ही कालहस्तीच्या स्टेशनावर सोडायचो आणि रिकामी व्हॅन घेऊन परतायचो.

बाकीच्या देवळांत अण्णा जात. सुरुटपल्लीला तर अंमळ जास्तच रमत. तिथे विष प्यालेला शंकर पार्वतीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला आहे.

"देव झोपलाय तिथे ड्रायव्हरने जरा डोळा लावला तर कुणाचं काय जातं?" असं म्हणून ते मंडपात पंचा पसरायचे.

कालहस्तीला मात्र नदीकाठी गाडी लावून चाकांची हवा बघत राहायचे. हवा ठीकच असायची. मी एकदा विचारलं.

"आत गेलो की थेट घरी जावं लागतं," ते म्हणाले.

"मग जाऊ की. खोली आहे ना तुमची तिरुपतीत?"

"एमे, खोलीचं मी भाडं देतो. घराला कुणी भाडं देतं का?"

घर नारायणवनमला होतं. म्हणजे आमच्या रोजच्या वाटेवर. यात्रेकरू कल्याण व्यंकटेश्वराच्या देवळात गेले की अण्णा गाडीतच डबा उघडायचे. गाडीचं तोंड मोठ्या रस्त्याकडे, पण आरसा असा वळवलेला की मागची विणकरांची गल्ली दिसावी. त्या आरशात निळ्या दाराचं एक घर मावायचं. आत यंत्रमाग खटखटत असायचा.

"हेमाने आज वेणी घातली नाही," अण्णा चिंचभाताचा घास तोंडात धरून म्हणायचे. "परीक्षा असेल." नाहीतर, "वरदय्या लंगडतोय. पायात काय गेलं असेल?"

"विचारा जाऊन."

"जेव तू."

वरदय्या त्यांचा धाकटा भाऊ. हेमावती त्याची मुलगी. आई-वडिलांच्या मागे घरात दोन हातमाग होते, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे. वरदय्याला खड्डे बुजवून यंत्रमाग बसवायचा होता. अण्णा गल्लीत उभे राहून, चारचौघांत म्हणाले, ते यंत्र या घरात आलं तर माझा पाय या घरात पडणार नाही. यंत्र आलं. अण्णा निघाले, तिरुपतीला गाडी शिकले. लग्न राहून गेलं. त्यांना कुणी घालवलं नव्हतं, त्यामुळे परत बोलवायचं कुणी, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. भाऊ रस्त्यात भेटला की बरं आहे का विचारायचा. बरं आहे, अण्णा म्हणायचे. अशी अठरा वर्षं गेली.

मग हेमावतीचं लग्न ठरलं. वरदय्या आणि त्याची बायको सुलोचनम्मा अण्णांच्या खोलीवर आले. मी तिथेच होतो. सुलोचनम्मांनी अण्णांना कुंकू लावलं, कोपऱ्यांना हळद लावलेली पत्रिका हातात दिली. अण्णांनी खालून कॉफी मागवली.

"अवश्य यायचं, भावोजी. मंडपात अगदी पुढे बसायचं."

"बसतो की."

"मित्रमंडळींनाही आणा."

"आणतो. हा एमे आहेच. जेवायला कधी नाही म्हणत नाही."

सगळे हसले. कॉफी संपवून ती दोघं गेली. अण्णा पाकीट बघत बसले. वर लिहिलं होतं, मुनिरत्नम गारू. आमच्याकडे मान द्यायच्या माणसाला गारू म्हणतात. सख्ख्या थोरल्या भावाला घरात असं कुणी लिहीत नाही. आत बोलावणाऱ्यांची नावं होती. पार चुलतमामापर्यंत होती. यांचं नव्हतं.

"छान छापलीय," मी म्हणालो.

"पत्रिका पाहुण्याला देतात," ते म्हणाले. "आणि पुढेही पाहुणेच बसतात. घरचा माणूस वाढायला असतो, एमे. त्याला जेवायला तिसरी पंगत."

त्यानंतर नारायणवनमला त्यांनी आरसा वळवला नाही. डबा खाल्ला, धुतला, ठेवून दिला. लग्नाला जाणार का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाहुणा म्हणून गेलो की कायमचा पाहुणा झालो."

लग्नाला दोन दिवस राहिले होते. कालहस्तीला यात्रेकरू उतरले. मी त्यांना घेऊन देवळाकडे निघालो. मागे चपलांचा आवाज आला. बघतो तर अण्णा. शर्टाची बटणं नीट लावलेली, केसांना पाणी लावलेलं.

"चल," ते म्हणाले.

 गाभाऱ्यापुढे त्यांनी हात जोडले. काय मागितलं ते ठाऊक नाही. पटकन बाहेर आले. स्टेशनावर लोकांना उतरवलं आणि व्हॅन वळवली. तिरुपतीच्या रस्त्याला नाही.

"अण्णा, थेट घरी जायचं असतं."

"थेटच चाललोय."

मग मला समजलं. ज्या घरात दोन दिवसांनी लग्न आहे त्या घराच्या दारात हा माणूस कालहस्तीहून उभा राहणार होता. परका असता तर त्याला कुणी उंबऱ्यावर थांबू दिलं नसतं. मी परत चला म्हणालो. पुन्हा म्हणालो. त्यांनी काच वर केली, वारा येतो म्हणून.

गल्लीत पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. निळ्या दारापुढे झावळ्यांचा मंडप होता. बायका हळद निवडत होत्या. आतून यंत्रमागाचा आवाज येत होता. लुंग्यांची ऑर्डर लग्नासाठी थांबत नाही. मीही देवळातून आलेला, म्हणून समोरच्या खांबापाशीच थांबलो. अण्णा मंडपात गेले नाहीत. कडेने जाऊन दारासमोर उभे राहिले.

"अगंबाई, भावोजी," सुलोचनम्मा उठल्या. "एवढ्यात? लग्न परवा आहे."

"कालहस्तीहून आलो," अण्णा म्हणाले. मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

बायकांचे हात थांबले. चेंगम्मा आत्या म्हणून एक म्हातारी होती, तिने सुपलं बाजूला ठेवलं. "कालहस्तीहून? लग्नघरी? डोकं फिरलंय का रे तुझं? या वयात एवढं कळू नये?"

आतला आवाज बंद पडला. वरदय्या बाहेर आला. बनियनवर, केसांत सुताचा कोंडा.

"कालहस्तीहून कुणी लोकांच्या घरी जातं का?" त्याने विचारलं.

"नाही जात."

"मग?"

"म्हणून तर इथे आलो."

वरदय्या बघत राहिला. मला वाटलं, हा आता हात जोडेल, लग्नानंतर या म्हणेल. तेही चुकीचं नसतं. घरात मुलीचं लग्न होतं. अण्णांनी नजर खाली घातली नाही. त्यांचा एक पाय मात्र उगाच हलत होता, क्लचवर असल्यासारखा.

"आत्या," वरदय्या म्हणाला, "घरातला माणूस कालहस्तीहून घरी आला तर काही दोष असतो का?"

म्हातारीने सुपलं पुन्हा पुढ्यात ओढलं. "घरातल्या माणसाला कसला दोष," ती शेवटी म्हणाली. "पण तो घरातला आहे का, ते तू सांग. मला काय विचारतोस?"

वरदय्या दारातून बाजूला झाला.

"पाय धुवून घ्या," सुलोचनम्मा म्हणाल्या. "पाणी मागे आहे. वाट आठवते, की माणूस देऊ सोबत? आणि तो पोरगा तिकडे का उभा?"

"त्याला त्याचं घर आहे," अण्णा न वळता म्हणाले. "तो बसने जाईल."

ते घराच्या कडेने मागे गेले. मी निघायला हवं होतं. पाय निघाला नाही. थोड्या वेळाने उघड्या दारातून ते दिसले, मागच्या बाजूने आत आलेले. पाय धुताना अंगावरही पाणी घेतलं असावं, ओला शर्ट काढून हातात धरला होता. भिंतीकडे बघत होते.

"इथली खुंटी कुठे गेली?"

"तिथे आता यंत्र आहे," वरदय्या म्हणाला.

 हेमावती आतल्या दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी शर्ट झटकला, सारखा केला आणि त्या यंत्राच्या लोखंडी दांडीवर अडकवला. शर्टाचं पाणी विणल्या जाणाऱ्या लुंगीवर ठिबकू लागलं.

वरदय्याने शर्ट उचलला नाही. यंत्र त्या संध्याकाळी पुन्हा सुरू झालं नाही.