सायलेन्सर आतल्या बाजूला

ज्या पायाला काहीच जाणवत नाही, तो भाजला तर ओरडायचं कोणी?

माझी ताई लहानपणी गच्चीवरून पडली. तेव्हापासून कमरेखाली तिला काही कळत नाही. आम्ही शिरवण्यात राहतो आणि ती सानपाड्याला एका कुरियरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. बसच्या पायऱ्या तिला चढता येत नाहीत, म्हणून ती हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीवरून जायची. मधल्या पुलाच्या चढावर तिचे हात थकायचे. मग पप्पांना नाहीतर मला मागून ढकलावं लागे. तिला नेमकं तेच नको होतं. "ऑफिसला मी जाते, का तुमी मला पोचवता?" असं तिने एकदा पप्पांना विचारलं.

पप्पा ठेकेदाराकडे माळीकाम करतात. एका सोसायटीने गवत कापायचं जुनं मशीन भंगारात काढलं. दांडा वाकला होता, पण वरचं छोटं पेट्रोल इंजिन ठणठणीत होतं. पप्पांनी ते मागून आणलं. मग मोडक्या सायकलची चेन, दातेरी चक्र, जुन्या पलंगाच्या पट्ट्या असं काय काय दारात जमा होऊ लागलं. वेल्डिंगवाला ओळखीचा होता. दोरी ओढल्यावर तीनचाकी पहिल्यांदा घरघरली तेव्हा गल्ली बाहेर आली. ही जाईल तिथलं गवत साफ होणार, असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि सगळ्यांत जास्त ताईच हसली.

इंजिनाला जागा एकच होती, सीटच्या उजवीकडे. सायलेन्सर आधी बाहेरच्या बाजूला होता. सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसाला चटका बसेल, मग बोलणी खावी लागतील, म्हणून पप्पांनी वाकडा पाइप जोडून तो आत, सीटकडे घेतला. जन्मभर दुसऱ्यांच्या आवारात काम केलेल्या माणसालाच हे सुचतं. मग स्वतः बसून पुलावरून चक्कर मारून आले आणि गाडी बरोबर आहे म्हणाले. झळ त्यांनाही लागली असणार. पण आपला पाय आपसूक बाजूला सरकतो, ते लक्षातही राहत नाही.

ताई एकटी ऑफिसला जाऊ लागली. समोरच्या दुकानदाराने तिचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, बापाच्या मायेचा वगैरे. तो खूप फिरला.

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. पप्पा चळवळीच्या सभांची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. हक्क आणि उपकार यांतला फरक मला पाढ्यांच्या आधी कळला. त्यामुळे त्या व्हिडिओखालचे जोडलेले हात बघून माझं डोकं फिरायचं. ताईला चढता येईल अशी बस का नाही, हे तिथे एकानेही विचारलं नव्हतं. सगळे जुगाडाचं कौतुक करत होते, म्हणजे बाकी कोणाला काही करायला नको.

काही दिवसांनी ताईला वाटेत जळका वास आला. तिला वाटलं, पेट्रोलमध्ये घातलेलं तेल जळत असेल. संध्याकाळी आई तिचे पाय पुसायला बसली, तर सलवार पोटरीला चिकटलेली. आईने मला हाक मारली, पण तो आवाज आईचा वाटला नाही. कापड भिजवून सोडवताना ताई वाकून बघत होती, दुसऱ्याच कोणाचा पाय बघावा तशी.

अशा पायाची जखम भरायला फार वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले. पाय वाचेल ना, या पप्पांच्या प्रश्नावर आत्ताच सांगता येणार नाही म्हणाले.

घरी आल्याआल्या पप्पांनी इंजिन खोलून पोत्यात भरलं. ते पोतं भंगारात द्यायला निघाले तेव्हा ताईने अडवलं.

"ते परत लावा."

"नाव काढू नको त्याचं."

"पाय माझा हाय, पप्पा. भाजला तो माझा. त्यासाठी मला घरात बसवू नका."

पप्पा म्हणाले, रस्त्यावरच्या कोणाला लागू नये एवढंच त्यांच्या मनात होतं.

"रस्त्यावरच्या सगळ्यांचा विचार केला तुमी. बसणारीला एकदा विचारायचं ना."

पप्पा पोतं तिथेच ठेवून आत गेले. दुसऱ्या दिवशी ताईने मला सांगून चित्र काढून घेतलं: सायलेन्सर बाहेर, त्यावर जाळी, पाय आणि इंजिनामध्ये पत्रा. चित्र पोत्यावर पडून आहे. पप्पांनी अजून हात लावलेला नाही. जखम ओली आहे आणि ऑफिसवाले किती थांबतील, माहीत नाही.

व्हिडिओ मात्र थांबलेला नाही. चेन कोणती, पाइप किती वाकवला, असं लोक दुकानदाराला विचारतात. एकाने वडिलांसाठी बनवलेल्या गाडीचा फोटो पाठवला. सायलेन्सर आत, आमच्यासारखाच, हुबेहूब. मी त्याला लगेच ताईच्या पायाचं कळवलं. उत्तर आलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तो व्हिडिओ बघून तुम्ही कोणासाठी अशी गाडी बनवली असेल, तर ती आज बंद ठेवा. सायलेन्सरच्या बाजूचा कपडा वर करा. दुखतंय का, असं विचारून थांबू नका. पाय उजेडात धरून स्वतः बघा.