तीनशे बाराचा बिल्ला

सोलापुरात पोलीस लायनीतली आमची खोली अगदी शेवटची होती. तिच्यापुढं कवायतीचं मैदान आणि मैदानापलीकडं किटचं गोदाम. रोज संध्याकाळी मैदानावर हजेरी व्हायची आणि ती आम्हाला दारात बसून ऐकू यायची. हजेरीत कुणाचं नाव घेत नसत, नंबर घेत. माझे वडील तीनशे बारा. शेजारणी आईला ‘तीनशे बाराची बाई’ म्हणत. आईला त्याचं काही वाटत नसे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हटल्यावर तिला तो नंबर सोयीचाच पडला होता. ‘आज तीनशे बारांना उशीर हाय,’ असं म्हणून ती तवा उतरून ठेवायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण वडिलांच्या छातीवरच्या पितळी बिल्ल्यावरचे ते तीन आकडे मात्र ती कुठंही ओळखायची.

माझ्या वडिलांना एका गोष्टीचा भारी तोरा होता. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सर्व्हिस बुकात एकही लाल शेरा नव्हता. उशिरा येणं, बटण तुटणं, पट्टा पॉलिश नसणं, असल्या कशाचाही शेरा लाल शाईनं पडायचा आणि तो निवृत्तीपर्यंत पुसला जायचा नाही. सगळ्या लायनीत कोरं बुक दोघांचंच. एक माझ्या वडिलांचं आणि दुसरं गोदामाच्या हवालदारांचं. हवालदार वडिलांपेक्षा बरेच मोठे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोघं आमच्या ओट्यावर बसून एकमेकांना डिवचत. ‘तुमची पेन्शन जवळ आली दादा, आता हात कापायला लागतील, कायतरी सांडाल आणि शेरा घ्याल,’ असं वडील म्हणायचे. हवालदार म्हणायचे, ‘तू आधी माझ्याएवढी वरसं तर काढ.’ मला ही सगळी फुकटची मिजास वाटायची. बटणाला भिणारी माणसं चोराला काय पकडणार, असं मी एकदा आईला म्हटलंही होतं. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं.

त्या वर्षी माघात मोहोळच्या वाटेवर बाजाराच्या गाड्या लुटल्या जात होत्या. वडील आणि आणखी एक शिपाई गाडीवानांसारखे मुंडासं बांधून एका गाडीत बसून गेले. मुंडासं डोक्याला, पण बिल्ला आतल्या बंडीला लावलेला. बिल्ल्याशिवाय ड्युटीवर जायचं नाही म्हणजे नाही. लुटारू तिघं आले. वडिलांनी एकाला कवेत धरला आणि दुसऱ्यानं मागून कुऱ्हाड घातली. दुसरा शिपाई सांगत होता की पडले तरी त्यांनी धरलेल्याचा पाय सोडला नाही, आणि त्यामुळं तो एक सापडला.

दवाखान्यातून त्यांचा देह बैलगाडीतून घरी आणला. पुढचं मला आठवतं ते असं की मी उंबऱ्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा दोऱ्यानं शिवत होते. आत बायका रडत होत्या आणि मला तो दोरा सुईत ओवणं फार महत्त्वाचं वाटत होतं. मला काहीही वाटत नव्हतं. पुष्कळ वर्षं मला याची लाज वाटली, आता वाटत नाही. आईचंही तसंच. ती भिंतीला टेकून बसली. कुणी पाणी दिलं की प्यायची, ऊठ म्हटलं की उठायची. रडली मात्र नाही. बायकांनी तिला मोकळी करायला नाना प्रकार केले. एकीनं तिच्यापुढं वडिलांचं मुंडासं आणून ठेवलं. आईनं ते उचललं, घडी घातली आणि फळीवर ठेवलं.

लायनीत एक रिवाज होता. ज्या घरचा शिपाई गेला त्या घरी चूल पेटवू द्यायची नाही. खोल्यांनी पाळी लावून घ्यायची, पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत. कुणाकडून ज्वारीची भाकरी आणि पिठलं, तर अक्कलकोटकडच्या घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पठाण शिपायाच्या घरून शिधा यायचा, शिजवलेलं यायचं नाही, कारण आमच्याकडच्या म्हाताऱ्या नाक मुरडायच्या. आणि दुसरा रिवाज असा की तेरावं होईपर्यंत गोदामानं त्या घरी किट मागायला जायचं नाही. डगला, पट्टा, दंडुका, बिल्ला, सगळं सरकारी, सगळं परत द्यायचं. पण तेरा दिवस ते खुंटीवर राहू द्यायचं.

दवाखान्यातून वडिलांच्या कपड्यांचं गाठोडं आलं, त्यात बंडी होती आणि बंडीला बिल्ला होता.

बाराव्याला सांगोल्याकडून माझे थोरले चुलते आले. ते मेंढरं राखायचे. खांद्यावर घोंगडं, आणि बोलणं असं की दोन शब्दांमध्ये मेंढरू चरून यावं. आमच्या कुळात हत्यारानं मेलेला माणूस वीर होतो. त्याचा टाक करायचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर घोडेस्वार उठवून घ्यायचा, आणि तो देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसवायचा. टाक बसला नाही तर वीर दारोदार फिरत राहतो. धातू कुठलाही चालतो, पण अंगावरचा असला तर बरा. वडिलांच्या अंगावर करगोट्याशिवाय काय होतं? चुलत्यांनी गाठोडं सोडलं आणि बिल्ला हातात घेतला.

‘ह्यो त्याच्या काळजावर हुता की,’ ते म्हणाले.

आई म्हणाली, ‘व्हय.’

तेवढंच. तो सरकारी आहे, हे आईला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आईच्या ते डोक्यातच आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी गप्प बसले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसांत तोंड उघडणं म्हणजे जड पेटी उचलण्यासारखं वाटायचं.

चुलते नवी पेठेत सोनाराकडं गेले आणि संध्याकाळी टाक घेऊन आले. सोनारानं बिल्ला तापवून, ठोकून पातळ केला होता आणि ठशावर घालून त्यातून घोडेस्वार काढला होता. हातात भाला, डोक्याला फेटा. माझ्या बापानं जन्मात घोड्यावर पाय टाकला नव्हता. सात रस्त्याच्या चौकात टांग्याचं घोडं शिंकलं तरी ते बाजूला व्हायचे. पण टाक उलटा केला की मागं ‘तीन’ या आकड्याची पुसट वळणं अजून दिसत होती. तेराव्याला चुलत्यांनी हळद वाहून तो बसवला आणि ते आपल्या मेंढरांकडं परत गेले.

चौदाव्या दिवशी हवालदार यादी घेऊन आले. बाहेर वहाणा काढल्या, आत येऊन बसले. एकेक वस्तू वाचायची, मी आणून द्यायची, त्यांनी खूण करायची. डगला, पट्टा, पायाच्या पट्ट्या, दंडुका, शिट्टी. मग ‘बिल्ला’ म्हणाले, आणि मी आईकडं बघितलं. आईनं देव्हाऱ्याकडं बोट केलं.

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी यादी मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तोंडावरून हात फिरवला.

‘वैनी, ह्ये काय करून बसलाव?’

मग त्यांनी समजावून सांगितलं. बिल्ला मोडला असं लिहिलं तर चुलत्यांवर केस होणार, त्यांच्या हातात बेड्या. हरवला असं लिहिलं तर ज्याचा बिल्ला त्याची हयगय धरणार, मग तो जिता असो की मेलेला. म्हणजे सतरा वर्षांच्या कोऱ्या बुकात शेवटच्या पानावर लाल शेरा. बुक बंद व्हायच्या आधी मोठे साहेब परेडवर ते वाचणार होते आणि आईला सर्टिफिकेट देणार होते. तिसरी वाट एकच, आहे तसा पत्रा परत करायचा. वाकलेलं पितळ म्हणून गोदामात पडेल, यादी पुरी होईल, बुक कोरं राहील.

आई उठली. टाक उचलला, पदरानं हळद पुसली आणि त्यांच्या पुढं धरला.

‘न्या. शेरा नको त्यास्नी. लई जपलंया त्यांनी त्ये.’

मला आजही वाटतं की तिनं त्या वेळी ओरडायला हवं होतं. नवरा एकदा गाडीतून आला, आता दुसऱ्यांदा हातानं घालवायचा, आणि ती भांडं परत केल्यासारखा तो देत होती. हवालदारांनी टाक घेतला, उलटा केला, मागच्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि तो त्यांनी जिथल्या तिथं ठेवला.

‘ऱ्हाऊ द्या. बघतो म्या,’ म्हणाले आणि गेले.

ते काय बघणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आईनं तिच्यापुरता अर्थ लावला. टाक घरात राहिला म्हणजे शेरा पडणार. परेडच्या दिवसापर्यंत ती देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवायची.

परेड फाल्गुनात झाली. मैदानावर एक खुर्ची ठेवली होती आणि ती आईसाठी होती. आई आयुष्यात खुर्चीवर बसली नव्हती. ती अगदी काठावर बसली, आता कुणीतरी ऊठ म्हणेल अशी. मी तिच्या मागं उभी होते. मोठे साहेब गोरे, लालबुंद, घामेजलेले. ते इंग्रजीत वाचायचे आणि कचेरीतला कारकून मराठीत सांगायचा. आईनं माझा हात धरला होता. तिचा हात गारही नव्हता आणि गरमही नव्हता. मला तो लाकडी वाटला. ‘सतरा वर्षांची सेवा,’ कारकून म्हणाला. ‘सर्व्हिस बुकात एकही शेरा नाही.’

आईनं मान वर केली. तिनं रांगेत हवालदारांना शोधलं. ते सरळ समोर बघत होते, सगळे बघतात तसे. सर्टिफिकेट इंग्रजीत होतं. आईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि प्रसादासारखं कपाळाला लावलं. बिगूल वाजला, बंदुका उलट्या धरल्या गेल्या, लायनीतल्या बायका रडल्या. आम्ही दोघी कोरड्या होतो. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘कचेरीवाले इसरले आसतील.’ आणि तिनं ज्वारी निवडायला घेतली.

कचेरी काही विसरत नाही, हे मला पुढं आयुष्यभर कळत गेलं. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळच्या हजेरीला ऑर्डर वाचली गेली. आम्ही दारातच होतो. ‘बिल्ला नंबर तीनशे बारा,’ असा पुकारा झाला आणि आईच्या हातातलं सूप थांबलं. माघापासून तो नंबर मैदानावर कुणी उच्चारला नव्हता. तीनशे अकरानंतर एकदम तीनशे तेरा यायचा आणि रोज त्या ठिकाणी मी श्वास धरायची. ऑर्डर अशी होती की सदर बिल्ला गोदामात जमा झाल्यावर गोदामाच्या हवालदाराच्या हयगयीनं गहाळ झाला. त्याच्या सर्व्हिस बुकात लाल शेरा आणि सात दिवस दलेल.

दलेल म्हणजे शिक्षेची कवायत. भर दुपारी, पुरा पोशाख चढवून, खांद्यावर बंदूक, मैदानाला फेऱ्या. नव्या पोरांना देतात ती शिक्षा. हवालदारांच्या पेन्शनला पाच महिने राहिले होते.

सोलापूरचं चैतातलं ऊन काय असतं हे मी सांगत बसत नाही. पहिल्या दिवशी मैदानावर बुटांचा आवाज सुरू झाला तेव्हा लायनीतली सगळी दारं लोटली गेली. त्यांची लाज राखायला म्हणून सगळे आत गेले. आई मात्र बाहेर गेली. अनवाणी, पदर डोक्यावरून घेऊन ती अंगणाच्या टोकाला उभी राहिली आणि फेऱ्या संपेपर्यंत हलली नाही. हवालदारांचा उजवा पाय दुखरा होता, वळणावर तो घासायचा. आमच्या समोरून जाताना ते आमच्याकडं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशीही ती उभी राहिली, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी ते जाता जाता हळूच म्हणाले, ‘वैनी, उनात कशाला उभारलाय? आत जावा की.’

‘तुमी जावा आदी,’ आई म्हणाली.

एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा कुणाला उलटून बोलली होती.

सातव्या दिवशी फेऱ्या संपल्या. त्यांनी गोदामात बंदूक ठेवली आणि आमच्या दाराशी आले. डगला पाठीवर भिजून काळा पडला होता. मी तांब्या दिला, ते घटाघटा प्यायले. तोंड पुसलं, बूट आणि टोपी काढली आणि विचारल्याशिवाय आत गेले. देव्हाऱ्यापुढं त्यांना गुडघे मोडून बसायला त्रास झाला, तरी बसले. घोड्यावर बसलेल्या माझ्या वडिलांकडं ते थोडा वेळ बघत राहिले.

‘दोघांत तूच जितलास की गड्या,’ ते म्हणाले. ‘कोरं ऱ्हायलं तुजं.’

आई चुलीजवळ होती. तिच्या हातातली काठवट खाली पडली आणि ती ओरडून रडायला लागली, गाडी दारात आली तेव्हा रडायला हवं होतं तशी. हवालदार उठले नाहीत आणि त्यांनी तिला गप्पही केलं नाही. मी सांडलेलं पीठ गोळा करत होते. अर्धं झालं आणि मग मला ते दिसेना.