मंगळवारचं विसर्जन

"नाव मागू नगंस, लामिले. मंगळवारी दर्या निजतो. त्याच्या अंगावनं नाव न्यायची न्हाई."

"आरं दादा, पर आज चतुर्दशी! देव आज न्हाई गेला तर कवा जायाचा?"

"तुझ्या देवाला तिथी हाय, तसा माझ्या दर्याला वार हाय."

टेशी गावच्या वाळूत क्वाये काठी रोवून उभा राहिला. लामिलेचा थोरला भाऊ, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा पाटील. नावा वर ओढलेल्या, कोळी सावलीला जाळी शिवत बसलेले. त्यांना आयताच तमाशा मिळाला.

लामिले केंके विकते. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे मक्याच्याच पानात बांधून कंबरेएवढ्या पातेल्यात उकडायचे, हा तिचा धंदा. तरणी असताना प्रसाद खायला म्हणून आमच्या गणपतीच्या देवळात आली ती तिथलीच झाली. आमचे मोदक मक्याच्या पानात उकडतात ते हिच्यापायी. तांदळाच्या पिठीला कळ्या काही पडेनात, तवा म्हणाली, "गणपतीला पोट भरायचंय का कळ्या मोजायच्यात?"

एरवी आम्ही गणपती लांबच्या खाडीत बुडवतो. यंदा हीच हट्टाला पेटली, "देव माझ्या किनाऱ्यावनं जाईल, नाव माझ्याकडं लागली." आता देव परत टेम्पोत चढला असता तर देवळातल्या बायांनी हिला मरेस्तोवर टोचून खाल्लं असतं.

सेलॉम पुजारी घाम पुसत म्हणाला, "तिथी म्या बघितली हुती."

"आन् वार?"

"वार तू बघायचा. दर्या तुझा."

बाया खिदळल्या. ढोलवाल्यानं उगाच एक थाप मारली. लामिले कमरेवर हात ठेवून भावापुढं गेली.

"दादा, मंगळवार ह्या गणपतीचाबी वार हाय. दोघंबी घरीच असत्याल. मग पाव्हणा कवा जायाचा, घरधनी बाहेर गेल्यावर?"

कोळी हसले. क्वायेच्या मिशा हलल्या, काठी हलली नाही. "नाव न्हाई."

"नाव न्हाई. बरं. पातेलं?"

"काय?"

"पातेल्याला मनाई हाय का?"

क्वायेनं म्हाताऱ्या कोळ्यांकडं बघितलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पातेल्याबद्दल वाडवडील काहीच सांगून गेले नव्हते.

"आधी दर्याला सांगाय लागंल," क्वाये म्हणाला आणि दारूची बाटली मागवली. पुजारी आडवा पडायचा बाकी राहिला. "देवाम्होरं दारू? न्हाई जमायचं!" शेवटी लामिलेनं नारळ फोडला. क्वायेनं पाणी वाळूवर ओतत दर्याला हाका मारल्या, उरलेलं घोटभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढ्यावर कोण जागं हुतं?"

पण दर्या जागा झाला! हातभर उंच गणपती केंकेच्या पातेल्यात बसला, बाया छातीभर पाण्यात शिरल्या, ढोल सुटले. पहिल्या लाटेनं देव परत वाळूवर आणून ठेवला. "निघवंना त्याला!" कोळी ओरडले. जाळी टाकून तेही नाचायला लागले. दुसऱ्या लाटेला लामिलेनं पातेल्याला खांदा लावला, "जा की रं बाबा, मोदक संपलं!" म्हणून ढकललं, तसं पातेलं डुलत डुलत लाटेपार गेलं, कललं, आणि देव पाण्यात उतरला.

वाळूवर नुसता दंगा. पुजारी नाचतोय, म्हातारे नाचतायत. एकटी लामिले पाण्याकडं बघत होती. रिकामं पातेलं खुल्या दर्याकडं निघालं होतं.

"दादा! पातेलं! पीठ आंबून बसलंय घरी!"

"मंगळवारी दर्यातनं काय काढायचं न्हाई," क्वाये म्हणाला.

"मासा न्हाई त्यो! माझंच हाय! उद्याला केंके न्हाई तर तुझी समदी माणसं उपाशी दर्यावर जात्याल."

क्वायेनं काठी पुजाऱ्याच्या हातात दिली, लुंगी सोडली आणि चड्डीवर दर्यात उडी घेतली. किनाऱ्यावर अशी आरोळी उठली की तशी गणपतीलाही मिळाली नव्हती. पाटील पातेलं डोक्यावर उपडं घालून बाहेर आला, आतून काय शिव्या देत होता ते कुणाला कळलं नाही.

लामिलेनं पातेलं वाळूनं घासलं, गोड्या पाण्यानं धुतलं, चुलीवर चढवलं आणि गोळे बांधायला बसली.