पृथ्वीबाईंची नदी

शाळेत मुलं त्यांना पृथ्वीबाई म्हणायची. एक तर त्या भूगोल शिकवायच्या, आणि दुसरं म्हणजे अंगाने गोल होत्या आणि दिवसभर फिरत असायच्या. त्यांना हे ठाऊक होतं. "मग सूर्य कोण, तेही ठरवा रे," एवढंच म्हणायच्या.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शाळेत भूगोलाचा स्वतंत्र तास बंद करायचं घाटू लागलं. तो वाचावा म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं. मी संगणकाचा मास्तर, नोकरीत अजून कायम न झालेला. मधल्या सुट्टीत त्या वही घेऊन माझ्यासमोर बसायच्या आणि कोडिंग शिकायच्या. मोजणी शून्यापासून का, यावरून आठवडाभर भांडल्या.

मग त्यांनी मुलांकडून भिंतभर नकाशा रंगवून घेतला आणि नदीच्या निळ्या रेघेवर एकशेवीस दिव्यांची पट्टी चिकटवली. कोणता दिवा कधी लागायचा, हे मुलं कोडमध्ये लिहायची. त्यासाठी आधी नदी समजून घ्यावी लागायची. उगमाशी ती धावते, सपाटीवर रेंगाळते, धरणापाशी थांबते.

तास ठेवायचा की नाही हे ठरवणारी समिती नकाशा पाहायला यायच्या आदल्या दिवशी डोंगराकडचा प्लग जळाला. बाई दुसऱ्या वर्गावर होत्या. मी पट्टी काढली, उलटी फिरवून पुन्हा चिकटवली आणि समुद्राकडच्या प्लगला जोडली. दिवे वायरीच्या टोकापासून मोजले जातात. कोडमधले आकडे उलटे करायला मी साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले, समितीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष खुर्चीतून उठतही होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नदी डोंगर चढतेय."

"अहो बाई, दिवे लागले ना? चालायचंच."

"नाही हो चालत. पाणी वर चढत नाही."

गप्प राहिल्या असत्या तर तास वाचला असता. पण त्या एकेका मुलाचे आकडे तपासत बसल्या. दोन मुली रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही काही बदललंत का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांची नजर समुद्राकडच्या वायरीवर गेली आणि जरा वेळ तिथेच राहिली. मग त्या समितीकडे वळल्या. "मुलांचं सगळं बरोबर आहे. चूक माझी."

शिक्षिकेला तंत्र जमत नाही, असा शेरा आला. तास गेला, तो मलाच मिळाला. बाई उरलेली दोन वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या. माझ्याशी पूर्वीसारख्याच मायेने बोलायच्या, आणि तेच मला सोसायचं नाही. अजूनही लाज वाटते.

मी कायम झालो. त्याच भिंतीसमोर आता कोडिंग शिकवतो. आकडे केव्हाच सुलटे केलेत, नकाशाचा रंग मात्र उडालाय. परवा एका मुलीने एकही चूक न करता कोड लिहिला. दिवे डोंगरापासून समुद्रापर्यंत धावले, वर्गाने टाळ्या वाजवल्या.

जागेवर बसता बसता तिने विचारलं, "सर, पण ही निळी रेघ कसली आहे?"