सत्तावीस घरांची मूठ

महाराजांच्या संस्थानातल्या आमच्या शहरात प्लेग शिरला, त्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीतली चार कुटुंबं माळावरच्या झोपड्यांत होती. कर्ते पुरुष गेलेले. त्यांचं जेवण आमच्या मूठधान्यावर होतं. आमच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात चुलीजवळ एक गाडगं असे. दर स्वयंपाकाला बाई त्यात मूठभर जोंधळा टाकी आणि शनिवारी तो गोळा होई.

पाळकसाहेबांनी एका रविवारी कृपादानांवर, म्हणजे देवानं ज्याला त्याला दिलेल्या देणग्यांवर, शिकवलं. कोणाला उपदेश, कोणाला आजाऱ्यांची शुश्रूषा, कोणाला व्यवस्था. देणारा एक, आणि दिलेलं दुसऱ्यांसाठी वापरायचं, तीच सेवा. मला उपदेश हवा होता. माझ्याकडे त्यांनी धान्याची व्यवस्था सोपवली.

"आकडे तुम्हाला कळतात. ते देवानं दिले नाहीत असं वाटतं काय?" ते म्हणाले.

मी नाराजीनंच कामाला लागलो. घरं सत्तावीस, स्वयंपाक दोन वेळा, दिवस सात. म्हणजे तीनशे अठ्ठ्याहत्तर मुठी. पण काही सुखवस्तू घरांची गाडगी हलकी लागत. मुठीला माप नाही, हाच दोष, असं मी ठरवलं आणि पत्र्याच्या सारख्या मापाच्या वाट्या करायला टाकल्या.

"सत्तावीस?" पत्रेवाले चाचा हसले. "दूध इकनार हाय काय, मास्तर?"

वाट्या घरोघर दिल्या; दर स्वयंपाकाला मुठीऐवजी एक भरलेली वाटी. पुढच्या शनिवारी पाच पायलीच्या जागी अडीच पायली भरली. मी दोनदा मोजलं.

एका म्हाताऱ्या विधवेचं गाडगं साफ रिकामं होतं. आधी ते कधीच रिकामं नसे.

"या पावणं," ती दारातूनच म्हणाली, "मोजायला आलासा व्हय?"

"मावशी, या खेपेला काहीच नाही?"

"चिमूट हुती तवा चिमूट टाकत हुते. देवानं कधी इचारलं न्हाय. तुमची वाटी भरंना, मग अर्धी वाटी कशी देऊ? लाज वाटती की!"

ज्यांच्याकडे भरपूर होतं ते काठोकाठ एक वाटी घालून मोकळे झाले होते. ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनी घालणंच सोडलं होतं.

मी पाळकसाहेबांना म्हणालो, "हे काम दुसऱ्याला द्या."

"चुकलात म्हणून देवानं देणगी परत घेतली नाही. जा, दुरुस्त करा. झोपड्यांतली माणसं उपाशी आहेत."

त्याच दुपारी मी निघालो. सत्तावीस दारं, आणि प्रत्येक दारात तेच वाक्य: माझी चूक झाली, वाटी परत द्या, हाताला येईल ते टाका. एका घरी टोमणा मिळाला, "आता हाताचं माप घेणार न्हाय न्हवं?" मी नाही म्हणालो आणि पुढच्या दारात गेलो. मावशींनी माझ्यासमोरच चिमूटभर जोंधळा टाकला आणि वाटी माझ्या हातावर आपटली.

दिवस मावळेपर्यंत साडेतीन पायली झाली. कमी पडलेलं माझ्या घरच्या कणगीतून घातलं; बायकोनं विचारलं नाही, मीच सांगितलं.

माळावर गेलो तेव्हा वहीत देणाऱ्या सत्तावीस घरांची यादी होती. ती मी खोडली. झोपड्यांपुढं उभा राहून आतली तोंडं मोजली. एकोणीस. त्यातली दोन तोंडं बिनदातांची. त्यांना जोंधळ्याची भाकरी चालणार नव्हती, भरडून मऊ शिजवलेल्या कण्या लागणार होत्या. तेही लिहून घेतलं.